मदत हवी आहे: रुग्णाशी इंग्रजीत बोलताना ‘शुड हॅव’, ‘मस्ट हॅव’ आणि जीवनशैलीचे शब्द

नमस्कार.

मी नाशिकमध्ये एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे आणि परदेशी नोकरीसाठी ओईटी या, आरोग्यक्षेत्रातील लोकांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे नर्सिंग इंग्रजीतून, असे शिक्षण झाल्यामुळे रोगांची, औषधांची आणि उपकरणांची नावे मला इंग्रजीतच आधी सुचतात. अडते ते साध्या बोलण्यापाशी. रुग्ण काय खातो, किती झोपतो, काही व्यसन आहे का, हे त्याला न दुखावता विचारणे आणि होऊन गेलेल्या गोष्टींविषयी बोलणे, या दोन जागा मला अवघड जातात.

ज्यांना ही परीक्षा परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संभाषणाच्या चाचणीत रुग्णाशी किंवा त्याच्या नातेवाइकाशी बोलण्याचे दोन प्रसंग असतात. प्रत्येक प्रसंगाचे कार्ड वाचून तयारी करायला सुमारे ३ मिनिटे आणि बोलायला सुमारे ५ मिनिटे मिळतात. व्याकरण आणि उच्चार पाहतातच, पण समोरच्याला दोष न देता, त्याची अवस्था समजून घेऊन बोलता येते का, यालाही वेगळे गुण असतात. माझा पहिला प्रश्न तेथूनच निघतो.

समजा, सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक मधुमेही रुग्ण पायाची जखम बरेच दिवस अंगावर काढून शेवटी आमच्याकडे आला. मराठीत आम्ही वॉर्डात सहज म्हणतो, ‘दादा, आधीच यायला हवं होतं हो.’ त्या ‘दादा’ने आणि ‘हो’ने बोलण्यातली धार जाते आणि काळजी तेवढी उरते. इंग्रजीत ‘यू शुड हॅव कम अर्लियर’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक आहे, तरी आमच्या वर्गाच्या शिक्षिका म्हणतात की ते ऐकणाऱ्याला जाब विचारल्यासारखे वाटेल. ‘इट वुड हॅव बीन बेटर इफ यू हॅड कम अर्लियर’ असे लांबवले, तरी मला तो आडून मारलेला टोमणाच वाटतो. मग अशा वेळी नेमके काय म्हणावे, की काहीच म्हणू नये?

दुसरा प्रश्न ‘असेल’चा. ‘आजोबांनी गोळी घेतली असेल’ या एकाच वाक्याला पुस्तकात कधी ‘मस्ट हॅव टेकन’, कधी ‘माइट हॅव टेकन’ असे दिसते. मराठीत ‘घेतलीच असेल’, ‘घेतली असावी’, ‘घेतली असणार’ अशा छटा आहेत, परंतु कोणती छटा कोणत्या इंग्रजी रूपाशी लावायची, याचा भरवशाचा नियम मला सापडलेला नाही. वाचताना फरक कळतो. बोलताना मात्र तोंडातून प्रत्येक वेळी ‘मे बी’ निघते.

तिसरा प्रश्न लहान आहे. ‘काल मी वेळेत पोहोचू शकले’ याचे ‘आय कुड रीच ऑन टाइम’ होत नाही, असे सांगितले जाते. नकारात मात्र ‘कुडन्ट’ चालते. असे का?

शेवटचे शब्दसंग्रहाविषयी. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘लाइफस्टाइल’ या मथळ्याखाली मिळणारे शब्द जिम, डाएट आणि प्रवास यांच्या पलीकडे जात नाहीत. मला हवे आहेत ते पाळीने काम करणाऱ्या, जेवणाच्या वेळा चुकणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या माणसाशी बोलायला उपयोगी पडणारे शब्द. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

ताई, मी नाशिकरोडला प्रौढांना इंग्रजी शिकवतो. परिचारिका, फार्मासिस्ट असे विद्यार्थी नेहमी येतात. आपल्या शिक्षिकांचे म्हणणे योग्य आहे. ‘यू’ आणि ‘शुड हॅव’ एकत्र आले की, आवाज कितीही मऊ ठेवला तरी, घडून गेलेल्या गोष्टीचा ठपका समोरच्यावर बसतो, आणि ती गोष्ट आता बदलता येत नसल्याने त्याला उत्तरही उरत नाही. म्हणून रुग्णाला उद्देशून ते टाळावे आणि त्याऐवजी कारण विचारावे: ‘व्हॉट मेड इट डिफिकल्ट टू कम इन?’ त्यानंतर पुढचे सांगावे: ‘इफ यू नोटिस अ वूंड लाइक धिस अगेन, प्लीज कम स्ट्रेट अवे.’ ‘शुड हॅव’चा उपयोग स्वतःकडे बोट दाखवताना मात्र जरूर करावा. ‘वी शुड हॅव एक्सप्लेन्ड धिस टू यू बिफोर’ असे म्हटले की दोष आपल्याकडे येतो आणि रुग्ण मोकळा होतो. रुग्ण स्वतःच ‘आय शुड हॅव कम अर्लियर’ म्हणून हळहळला, तर ‘यू कुडन्ट हॅव नोन’ हे उत्तर अगदी चपखल बसते.

‘असेल’च्या बाबतीत शब्दाला शब्द जुळवण्याचा नाद मी सोडायला सांगतो. मराठीत खात्रीचे वजन ‘च’वर, ‘बहुधा’ किंवा ‘कदाचित’वर, पुष्कळदा नुसत्या स्वरावर पडते, इंग्रजीत ते मुख्यतः सहायक क्रियापदालाच उचलावे लागते. त्यामुळे बोलण्याआधी स्वतःला एवढेच विचारावे की आपल्यापाशी पुरावा काय आहे. गोळ्यांच्या पाकिटातील सकाळचा कप्पा रिकामा दिसतो, तर ‘ही मस्ट हॅव टेकन इट’. पाकीटच समोर नाही, नुसता अंदाज आहे, तर ‘ही माइट हॅव टेकन इट’. कप्पा तसाच बंद आहे, तर ‘ही कान्ट हॅव टेकन इट’. ब्रिटिश वापरात अशा अनुमानाचा नकार ‘मस्टन्ट हॅव’ने करत नाहीत, हे विशेष लक्षात ठेवावे. ‘मला थांबावे लागले’ यासाठीही ‘मस्ट हॅव’ नव्हे, तर ‘हॅड टू’. रूप सोपे आहे: कर्ता कोणताही असो, सहायक क्रियापदानंतर ‘हॅव’च येते, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ नाही, आणि पुढे क्रियापदाचे तिसरे रूप.

ऐकण्याच्या चाचणीसाठी आणखी एक सांगतो. हे ‘हॅव’ बोलताना इतके आखडते की कानावर ‘शुडव’, ‘मस्टव’ एवढेच पडते. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही त्याला ‘ऑफ’ समजून तसेच लिहितात, तेव्हा ते आपल्याला ऐकू आले नाही तर त्यात नवल नाही.

आपण विचारले नाही, पण आपल्या कामाला फार लागणारे एक रूप सुचवतो. ‘उपाशीपोटी यायची गरज नव्हती’ या मराठी वाक्यावरून रुग्ण उपाशी आला की जेवून आला, हे कळत नाही. इंग्रजीत तो उपाशी आलाच असेल, तर ‘यू नीडन्ट हॅव फास्टेड’. ‘यू डिडन्ट नीड टू फास्ट’ यात दोन्ही शक्यता खुल्या राहतात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही, तरी कितीतरी जण कोरड्या पोटी रांगेत येऊन बसतात. त्यांना हे पहिले वाक्य लागू पडते.

‘कुड’ हे भूतकाळातील सर्वसाधारण क्षमतेसाठी चालते, उदाहरणार्थ, लहानपणी पोहता येत होते. एका प्रसंगी एखादी गोष्ट प्रत्यक्ष साधली, तर ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ वापरतात. नकारात काही साधलेलेच नसल्यामुळे हा भेद राहत नाही. ‘कुड हॅव’ आणखी वेगळे आहे: ‘शी कुड हॅव फॉलन’ म्हणजे पडू शकली असती, पण पडली नाही, किंवा संदर्भानुसार, कदाचित पडली असेल.

शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा क्रियापदासकट घ्यावेत: ‘स्किप मील्स’, ‘स्नॅक बिट्वीन मील्स’, ‘पुट ऑन वेट’, ‘कट डाउन ऑन सॉल्ट’, ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘वर्क नाइट शिफ्ट्स’, ‘बी ऑन युअर फीट ऑल डे’. सुटलेल्या सवयीसाठी ‘आय यूज्ड टू स्मोक’ असे म्हणतात. तंबाखूला ‘च्यूइंग टोबॅको’ पुरते. मिश्रीला नेमका शब्द शोधत बसू नये, ‘रोस्टेड टोबॅको पावडर, रब्ड ऑन द टीथ अँड गम्स’ असे वर्णन करावे. दारूविषयी ‘डू यू ड्रिंक?’ असे थेट विचारण्याऐवजी ‘हाउ मच अल्कोहोल डू यू ड्रिंक इन अ टिपिकल वीक?’ असे विचारावे. ब्रिटनमध्ये उत्तर ‘युनिट’मध्ये मोजतात: एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, आणि २०१६ पासूनचा सल्ला आहे की आठवड्याला नियमितपणे १४ युनिटांपेक्षा जास्त घेऊ नये.

धागाकर्तीचे उत्तर

सर, मनःपूर्वक आभार. पाकिटाच्या उदाहरणाने ‘मस्ट’ आणि ‘माइट’ यांतील फरक आता बोलतानाही जमेल, असे वाटते. एक शंका राहिली. रुग्णाची साखर फार खाली गेली आहे आणि तो घाईत घरून निघाला, हे मला दिसते आहे. पुरावा आहे, म्हणून ‘यू मस्ट हॅव स्किप्ड ब्रेकफास्ट’ असे म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद

व्याकरणाने चालेल, परंतु वॉर्डात नको. अनुमान रुग्णाच्या वागण्याविषयी असले की ‘मस्ट हॅव’ही ‘शुड हॅव’इतकेच टोचते. तेथे साधा प्रश्न पुरे: ‘डिड यू मॅनेज टू ईट एनिथिंग धिस मॉर्निंग?’ यातील ‘मॅनेज’मुळे, खायला जमले नसेल तर ते समजण्यासारखे आहे, हे आपोआप पोहोचते. ‘मस्ट हॅव’ त्याच्या त्रासासाठी राखून ठेवावे. मराठीत आपण ‘फार त्रास झाला असेल ना?’ म्हणतो, त्या जागी ‘दॅट मस्ट हॅव बीन व्हेरी पेनफुल’ म्हणावे आणि क्षणभर थांबून त्याला बोलू द्यावे.