भारताचं कर्ज 57, जर्मनीचं 63: ही तुलना मुळात होते का?

जमाखर्च: 'जर्मनीचं सरकारी कर्ज जीडीपीच्या 63 टक्के, आपलं 57, आपण जास्त शिस्तीचे', हा या चर्चामंचावरचा दावा वाचून राहवलं नाही. जर्मनीच्या आकड्यात संघराज्य, 16 राज्यं, नगरपालिका, सामाजिक विमा, सगळं आलं. आपले 57 एकट्या केंद्राचे. राज्यं धरली की आपण ऐंशीच्या वर.

उंबरठा: दावा माझा. राज्याकडे केंद्राचं कर्ज थकीत असेल तर कलम 293 प्रमाणे नवी उचल करायला केंद्राची संमती लागते. लगाम केंद्राच्या हातात, तर कर्ज देणारा बाजार केंद्राकडेच बघणार.

जमाखर्च: पोलिस, शाळा, पाणी राज्यंच चालवतात. जर्मनीचा तो खर्च मोजायचा आणि आपला सोडायचा?

पैपैसा: नुसती बेरीजही चुकेल. केंद्र राज्यांना 50 वर्षांची बिनव्याजी कर्जं देतं. तो पैसा रोखे विकून उभा केला, म्हणून केंद्राच्या कर्जात एकदा आणि राज्याच्या देण्यात पुन्हा. उलट राज्यं शिल्लक केंद्राच्या 14 दिवसांच्या ट्रेझरी बिलांत (अल्पमुदतीच्या रोख्यांत) ठेवतात, ते केंद्राचं देणं. दोन्ही वजा करा, मग बोला.

आणि तूट? निर्गुंतवणुकीचा, म्हणजे सरकारी कंपन्यांचे शेअर विकून आलेला पैसा आपण जमेत धरून तूट कमी दाखवतो. नाणेनिधीच्या सरकारी हिशेबाच्या 2014 च्या नियमावलीत शेअरविक्री म्हणजे तूट भरून काढण्याचा मार्ग. मालमत्ता गेली, रोख आली, कमाई शून्य. अन्न महामंडळाचं अनुदान तर कित्येक वर्षं अल्पबचत निधीच्या (पोस्टातल्या वगैरे बचतीच्या पैशाच्या) कर्जावर, अर्थसंकल्पाबाहेर चाललं. 2020-21 मध्ये ते अर्थसंकल्पात आणलं, तूट जीडीपीच्या 9.2 टक्के झाली. सगळं खापर करोनावर फोडतात. आधीच्या वर्षांची तूट कमी दिसत होती हे कोणी बोलत नाही.

उंबरठा: प्रत्येक चर्चेत अन्न महामंडळ! ग्रीसला युरोपची नियमावली होतीच ना? 2009 ची तूट आधी जीडीपीच्या 3.7 टक्के सांगितली, शेवटी 15 च्या वर निघाली. नियमावलीची पूजा बंद करा.

जमाखर्च: तुटीची व्याख्या ठरलेली होती म्हणूनच युरोस्टॅटला (युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाला) खोट पकडता आली. आणि जरा नीट बोला.

उंबरठा: बरं, 57 सोडला. पण 'व्याजात महसुलाचे 37 टक्के जातात' हे तुम्हीच सगळीकडे सांगता. ती केंद्राची महसुली जमा राज्यांचा करवाटा वजा करून उरलेली आहे. जर्मनीसमोर ठेवायची तर तीही एकत्रितच घ्या.

पैपैसा: हे मान्य. एकत्र घेतली की प्रमाण पंचविशीच्या आसपास येतं. तरीही ते जर्मनीच्या कित्येक पट आहे.