शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं ना, मग अ‍ॅलर्जीत इंजेक्शन कशाला लागतं?

प्रश्न
मागच्या महिन्यात बहिणीला मधमाशी चावली, दहा मिनिटांत अंगभर गांध्या, ओठ सुजले आणि श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन दिलं आणि आमच्या डोळ्यादेखत तो आवाज कमी होत गेला. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, ती इतकी घाबरली होती तर तिचं स्वतःचं अ‍ॅड्रेनॅलिन कुठे गेलं? आणि कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं ते दुसरं हॉर्मोन, त्याचं काय? टेन्शनने दमा वाढतो म्हणतात, मग ही हॉर्मोन्स फुफ्फुसाला चांगली की वाईट?

उत्तर १
कुठे गेलं नव्हतं, पुरलं नाही. अशा रिअ‍ॅक्शनमध्ये मास्ट पेशी (रिअ‍ॅक्शन पेटवणाऱ्या संरक्षक पेशी) हिस्टामिन, ल्युकोट्राइन्स ही सूज आणणारी रसायनं एकदम ओततात, श्वासनळ्यांचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साठतो. अ‍ॅड्रेनॅलिन बीटा-२ रिसेप्टरवर (पेशीवरची हॉर्मोन ओळखणारी जागा) बसून स्नायू सैल करतं, अल्फा रिसेप्टरमधून रक्तवाहिन्या आवळून सूज उतरवतं आणि मास्ट पेशींनाही आवर घालतं, एकच औषध आणि तिन्हीकडे काम! पण रक्तात ते दोन-तीन मिनिटांतच निम्मं होतं. त्यात माणसाच्या श्वासनळीच्या स्नायूंपर्यंत सिंपथेटिक नसा (ताणात शरीराला सज्ज करणाऱ्या) जवळजवळ पोचतच नाहीत, तिथे व्हेगस नसेचं राज्य आणि ती नळी आवळणारी, म्हणजे रक्तातून जेवढं येईल तेवढ्यावरच भिस्त. म्हणून मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत मोठ्या माणसाला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम देतात, फरक नाही पडला तर ५ ते १५ मिनिटांनी परत.

उत्तर २
कॉर्टिसॉल सावकाश चालतं हो. ते पेशीत शिरून जीन्स चालू-बंद करतं, त्याला तास लागतात आणि इथे हिशोब मिनिटांचा असतो. म्हणून स्टेरॉइड (कॉर्टिसॉलसारखंच औषध) किंवा अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका, कळकळीने सांगतेय, त्या गोळीने खाज थांबते, आवळलेली श्वासनळी नाही उघडत. टेन्शनचं म्हणाल तर महिनोन् महिने ताण राहिला की पेशी कॉर्टिसॉलला नीट दाद देईनाशा होतात आणि सूज आटोक्यात राहत नाही, दमा वाढतो तो असा. मिनिटांतली रिअ‍ॅक्शन आणि महिनोन् महिन्यांचा ताण, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न विचारणारी
आता कळलं! पण ती मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल घेते, त्याने काही फरक पडतो का?

उत्तर १
पडतो, बरं झालं विचारलंत. ते बीटा रिसेप्टरच अडवतं, म्हणजे तिचं स्वतःचं आणि इंजेक्शनचं, दोन्ही अ‍ॅड्रेनॅलिन कमी लागू पडू शकतं, तेव्हा डॉक्टर ग्लुकॅगॉन हे बीटा रिसेप्टरशिवाय काम करणारं औषध वापरतात. गोळी मनाने बंद करू नका, पण मधमाशीचा प्रकार डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा आणि जवळ ठेवायच्या इंजेक्शनचंही विचारा. परत तसं झालंच तर दम लागत असताना आडवं पाडू नका, बसू द्या, एकदम उठवून चालवू मात्र नका.