छंदापलीकडचं काहीतरी

निवृत्तीनंतर काय करावं या चर्चेत दोघा-तिघांनी लिहिलंय की साठीनंतर जबाबदाऱ्या सोडून फक्त छंद जोपासावेत. छंदांना माझा विरोध नाही, पण आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही ही जाणीव म्हातारपणी फार खाते आणि त्यावर गाण्याचा क्लास दर वेळी पुरत नाही. आमचे मामा पोस्टातून निवृत्त झाले. पहिलं वर्ष पेपर आणि कुरकुर यातच गेलं. आता नोव्हेंबर आला की सोसायटीतले पेन्शनर हयातीच्या दाखल्यासाठी (पेन्शन चालू राहायला तो दरवर्षी द्यावा लागतो) त्यांच्याकडे येतात. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ठसा घेत नाही. मामा मोबाईलवर त्या पेन्शनरचा चेहरा टिपून दाखला काढून देतात. केंद्राच्या ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हे तर ते प्रत्येकाला बजावून सांगतात. त्या महिन्यात मामींना चहाचं आधण उतरवायला उसंत नसते (त्यांची तक्रार वेगळी आहे, असो).

'या वयात नवीन काय सुरू करणार' असंही एकाने विचारलंय. धोंडो केशव कर्व्यांचा जन्म १८५८चा. महिला विद्यापीठ काढलं १९१६ साली, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ १९३६ साली आणि समता संघ १९४४ साली. वयाचा हिशोब ज्याने त्याने करावा. अर्थात तशी तब्येत सगळ्यांना लाभत नाही, हेही खरं. पण गुडघे धरलेल्या माणसालाही खुर्चीत बसून कुणाचा तरी फॉर्म भरून देता येतो.