'कायदा आहे, मग बोलत का नाहीत?' म्हणणाऱ्यांना

खडूस: "२०१४पासून व्हिसलब्लोअर कायदा (गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा) आहे, तरी डॉक्टर-नर्सच शेपूट घालतात," असं कुणीतरी काल ठोकून दिलंय. अहो, राष्ट्रपतींची सही झाली, पण कायदा लागू करायची अधिसूचनाच निघाली नाही! निघाली तरी तो सरकारी नोकरांच्या भ्रष्टाचारापुरता, अधिकाराच्या गैरवापरापुरता. खासगी कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) एकदाच वापरायचं कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीत घालायची नळी, धुऊन पुन्हा घातलं, तर त्याचा उपयोग शून्य. निनावी तक्रार चालत नाही. जाणूनबुजून खोटी केली असं ठरलं, तर २ वर्षांपर्यंत कैद.

कलमबहाद्दर: रडगाणं पुरे. शेअर बाजारात नोंदलेल्या हॉस्पिटल कंपनीला कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली तक्रारयंत्रणा सक्तीची आहे. गरज पडली तर थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे जाता येतं.

खडूस: आणि ट्रस्टची हॉस्पिटलं? धर्मादाय आयुक्त गरिबांच्या १० टक्के खाटा मोजणार, व्हेंटिलेटरचा अलार्म कुणी बंद केला ते नाही.

भूलवाला: निनावी नकोच. केसपेपरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, नातेवाईक येऊन काचा फोडतात, मार खातो रात्रपाळीचा रेसिडेंट. २०१०चा हल्लाविरोधी कायदा आहे म्हणे. त्या वेळी कुठे असतो?

सिस्टर_इन्चार्ज_नाही: फोटो का काढतात तेही सांगा ना. इन्सिडेंट फॉर्म, म्हणजे वॉर्डातली चूक नोंदवायचा कागद, जातो कुणाकडे? जिच्या वॉर्डात चूक झाली त्याच इन्चार्जकडे! तरी भरायचा, त्याच शिफ्टमध्ये. "निष्काळजीपणा झाला" लिहिलंत की तुमच्यावरच उलटतं. "पहाटे ४.१०, डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे ३ अँप्यूल, आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) ४.१५ला फोन" असं लिहा. पेशंटचं नाव नको, आयपी नंबर (भरती रुग्णाचा क्रमांक) पुरे. दोन प्रती, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख.

भूलवाला: शिक्का मिळतो तुमच्याकडे? नशीबवान आहात.

सिस्टर_इन्चार्ज_नाही: नाही दिला तर स्पीड पोस्ट, अधीक्षकांच्या नावे. पावती घरी ठेवायची, लॉकरमध्ये नाही.

लंडनकर: इंग्लंडमध्ये व्हिसलब्लोअरसाठी १९९८चा कायदा आहे, त्याला मिळणाऱ्या भरपाईला कमाल मर्यादा नाही. शिका जरा.

खडूस: अर्धंच सांगू नका. काढून टाकल्यापासून ७ दिवसांत अर्ज गेला नाही, तर निकालापर्यंत पगार चालू ठेवायचा आदेश मिळत नाही. व्हिसाच नोकरीला बांधलेला असेल, तर त्या ७ दिवसांत आधी घर सांभाळायचं की वकील शोधायचा?

कलमबहाद्दर: मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमावलीत १.७ वाचा. अनैतिक वागणूक निर्भयपणे उघड करणं डॉक्टरांचं कर्तव्यच आहे.

भूलवाला: हो, निर्भयपणे. नोकरी गेली तर ईएमआय कौन्सिल भरणार ना? बरं, सिस्टरांचं दोन प्रतींचं तेवढं पटलं. निनावीचं नाही.