विकायचंच आहे, तर किचन नवं करावं का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-५०४ : नमस्कार मंडळी. आम्ही घर विकायला काढलंय हे बऱ्याच जणांच्या कानावर आलंच असेल. एजंटचं म्हणणं, "किचन पूर्ण काढून नवं मॉड्युलर करा, हॉलकडची भिंत पाडून ओपन करा, मग भाव बघा." आमचं किचन ताबा मिळाला तेव्हाचंच आहे. ट्रॉल्या अडकतात, सिंकखालचं कपाट फुगलंय, दोन टाइल्सना तडे गेलेत. ओटा ग्रॅनाइटचा, तो मात्र ठणठणीत. अनुभव असलेल्यांनी सांगा, करावं की आहे तसंच दाखवावं?

सी-२०२ : आहे तसं दाखवा, भाव थोडा उतरवा आणि मोकळे व्हा. विकायच्या घरात कोण पैसे ओततं?

सी-३०१ : दादा, तोटा तिथेच होतो. मी इंटिरिअरचं काम करते म्हणून रोज बघते. फुगलेलं कपाट दिसलं की गिऱ्हाईक काही कोटेशन मागवत नाही. मनातल्या मनात अख्ख्या किचनचा खर्च धरतं, त्यावर कामाची कटकट धरतं आणि सगळं भावातून वजा करतं. एका कपाटाचं काम असतं, वजाबाकी मात्र पूर्ण किचनची होते.

सी-२०२ : मग एजंट बरोबरच बोलतोय की. काढा सगळं!

सी-३०१ : तसंही नाही. लिहिते सविस्तर, साइटवर आहे आत्ता.

बी-४०४ : वहिनी, भिंत पाडणार म्हणजे सिंकही हलवणार का? तुमच्या हॉलच्या बाजूला खाली आमची बेडरूम येते. मागच्या पावसाळ्यात बाथरूमच्या गळतीचं जे झालं ते अजून विसरलो नाही.

बी-५०४ : अहो, अजून काही ठरलेलं नाही. म्हणून तर विचारतेय.

ए-६०१ : या बिल्डिंगमध्ये मी सगळ्यात नवा, आणि घरं बघून बघून दमलेला, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. एका ठिकाणी किचन कोरं करकरीत होतं. कपाटांना चकचकीत शटर, म्हणजे दारं, काचेच्या कपाटात दिवे. बायकोने सिंकखालचं दार उघडलं तर जुन्या पाइपला नवी टेप गुंडाळलेली आणि मागच्या भिंतीला ओल. त्या क्षणापासून त्या घरातल्या प्रत्येक नव्या गोष्टीवर संशय यायला लागला. बाथरूमची फॉल्स सीलिंग बघूनही तेच मनात, हिच्या वर काय लपवलंय? इथे घेतलं त्या घराचं किचन जुनाट होतं, पण नळ पूर्ण सोडला तरी पाणी न तुंबता जात होतं, कपाटात वास नव्हता, आणि आधीच्या मालकांनी प्लंबिंगच्या कामाचे फोटो आणि बिलं फाइलमध्ये लावून दिली. शटरचा रंग आम्हाला मुळीच आवडला नव्हता. तो काय, बदलता येतो.

ए-१०२ : हे बोललात ते सोळा आणे.
अगं, मी तुला आधी भिंतीचं सांगतो, कारण माझी आयुष्यभराची नोकरी याच कामातली. आपली बिल्डिंग कॉलम-बीमच्या सांगाड्यावर आहे, त्यामुळे आतल्या बऱ्याच भिंती भार घेत नाहीत हे खरं. पण कुठली घेते आणि कुठली नाही, हे कंत्राटदाराने टकटक करून ठरवायचं नसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा बघून लेखी द्यावं लागतं. समजा, दिलं. भिंत निघाली की तिच्यातल्या वायरी, स्विचबोर्ड, वरचा माळा, सगळं हललं. खाली फरशीत भिंतीच्या जागी मोकळा पट्टा उरतो आणि जुन्या फरशीला जुळणारी फरशी कधी मिळत नाही, म्हणजे हॉलची फरशीही आली. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन येतो. नकाशात भिंत आहे, घरात नाही. मग तो खुलासा मागतो आणि व्यवहार तिथेच रेंगाळतो.
आता सिंक. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो, मीटरला साधारण अडीच सेंटिमीटर. सिंक दोन मीटर पलीकडे नेलं की पाच सेंटिमीटरचा फरक. तो आणणार कुठून? एकतर फरशी उचलायची, नाहीतर पाइप वळणावळणाने फिरवायचा आणि प्रत्येक वळणावर तुंबायची सोय करून ठेवायची. शिवाय कोणाच्या तरी कोरड्या खोलीवर ओली जागा येते. बी-४०४ची काळजी रास्त आहे.

बी-४०४ : धन्यवाद काका. माझा जीव भांड्यात पडला.

सेक्रेटरी : मध्येच व्यत्यय आणतो, माफी असावी. उद्या पाण्याची टाकी धुणार आहेत, सकाळी पाणी भरून ठेवा. चालू द्या.

डी-१०३ : ग्रॅनाइट काढून पांढरं क्वार्ट्झ बसवा वहिनी. फोटोत काय दिसतं! जाहिरात टाकल्या टाकल्या फोन सुरू होतील.

सी-३०१ : दिसतं छान, मी स्वतः लोकांकडे बसवलंय. पण क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा आणि तो धरून ठेवणारं रेझिन. शेगडीवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवलं की रेझिनवर डाग पडू शकतो. ग्रॅनाइटला त्याचं काही वाटत नाही. धडधाकट ओटा फोडून दुसरा घालायचा, हे विकणाऱ्याने कशाला करायचं? बफिंग, म्हणजे मशीनने पॉलिश, करून घ्या, डाग मुरू न देणारं सीलर मारा, भिंतीलगतचं काळं पडलेलं सिलिकॉन खरवडून बुरशी न धरणारं नवं भरा. एका दिवसात ओटा ओळखू येत नाही.

ए-१०२ : आणि क्वार्ट्झचं अजून एक. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो कृत्रिम दगड बनवणं, विकणं, बसवणं बंद केलं. कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कारागिरांच्या फुप्फुसांची वाट लागत होती, सिलिकोसिस. धूळ ग्रॅनाइटचीही वाईटच, म्हणून कुठलाही दगड कापायचा तर पाणी सोडून कापा. जिन्यात कोरडा कटर चालवताना कोणी दिसला तर मी प्लग काढतो, कोणाचा का असेना.

सी-२०२ : काका, आमच्या कामाच्या वेळी काढलाच होतात.

ए-१०२ : परत काढीन.
अजून एक ऐका. अमेरिकेत 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' नावाचा अहवाल दरवर्षी निघतो. कुठल्या कामाचा किती खर्च विकताना वसूल होतो याचा हिशेब असतो त्यात. २०२४ च्या अहवालात किचनची छोटी दुरुस्ती, म्हणजे कपाटांचे सांगाडे तेच ठेवून दर्शनी भाग बदलणं, खर्चाच्या सुमारे ९६ टक्के परत देते. तेच मध्यम दर्जाचं पण पूर्ण काम ५० टक्क्यांच्या आत, आणि भपकेबाज काम ३८ टक्क्यांवर येतं.

डी-१०३ : काका, ती तिकडची बंगलेवजा घरं. आपल्या फ्लॅटना ते कसं लागू होणार?

ए-१०२ : आकडा लागू करू नका. उतरण बघा. खर्च वाढत जातो तशी वसुली घटत जाते. याला कारणही साधं आहे. गळका पाइप कोणालाच नको असतो, त्यामुळे तो दुरुस्त केल्याचा फायदा प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसतो. इटालियन रंगाचं शटर शंभरातल्या दोघांना आवडणार, बाकीचे ते काढायचा खर्च धरणार.

सी-३०१ : काका, माझा धंदा बसवताय, पण बरोबर आहे. राहायच्या घराला मी वेगळं सुचवते, विकायच्या घराला वेगळं.
ताई, आता तुमचं. कपाटाचा सांगाडा, ज्याला आम्ही बॉक्स म्हणतो, आणि शटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी प्रत्येक बॉक्सच्या खालच्या कडेला स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक रुतलं आणि भुसा पडला तर तो बॉक्स गेला. बाकीच्यांना नाही रुतलं तर ते अजून बरीच वर्षं काढतील, त्यांना हात लावू नका. फुगलेला सिंकखालचा बहुतेक पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असणार, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. ते पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं तरी मूळ जाडीवर येत नाही, त्यामुळे वरून लॅमिनेट चिकटवून झाकू नका, पहिलं गिऱ्हाईकच दार उघडेल. तेवढा एक बॉक्स मरीन प्लायमध्ये, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायमध्ये, करा, कडा सगळ्या बाजूंनी बंद, आणि पीव्हीसीच्या पायांवर उभा, म्हणजे फरशी धुतलेलं पाणी लाकडाला लागत नाही.
पण बॉक्सच्या आधी प्लंबर! गळती कुठून आहे ते सापडल्याशिवाय सुतार आत घ्यायचा नाही. सिंकच्या वेस्ट कपलिंगचा (तळाच्या जाळीच्या जोडाचा) वायसर, बॉटल ट्रॅप (त्याखालचा बाटलीसारखा भाग), अँगल कॉक (नळाला पाणी देणारा भिंतीवरचा कॉक), आणि सिंक-ओट्याची सांध. चौकशी याच क्रमाने करायची. कोरडा टिशू प्रत्येक जोडावर फिरवला की कळतं.

बी-५०४ : आणि ट्रॉल्या, दारं?

सी-३०१ : ट्रॉल्यांचे चॅनल, म्हणजे त्या ज्यावर सरकतात त्या पट्ट्या, बदला, अख्ख्या ट्रॉल्या नाही. दारांच्या बिजागऱ्यांचा कप, म्हणजे दारात रुतणारा गोल भाग, जवळपास सगळीकडे ३५ मिलिमीटरचा असतो, जुन्या भोकात नवी सॉफ्ट-क्लोज, म्हणजे दार न आपटता मिटवणारी, बसते. फक्त स्क्रूचं अंतर जुळतंय ना ते बघा. शटर नवी करायची तर मॅट लॅमिनेट, फिकट, शांत रंग. चकचकीत ॲक्रिलिकवर बोटांचे ठसे उमटतात, घर दाखवायच्या दिवशी पुसत बसाल. जुनी शटर ठेवून नुसती हँडल बदलायची तर दोन स्क्रूंमधलं अंतर मोजून दुकानात जा, ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर. तेच अंतर घेतलं की जुनी भोकं बुजवावी लागत नाहीत.
तडा गेलेल्या टाइल्स: ठोकून बघा. पोकळ आवाज फक्त त्या दोनच देतायत का? तसं असेल तर तेवढ्याच काढा. जुळणारी टाइल नसेल तर शेगडीमागचा पूर्ण पट्टा वेगळ्या साध्या टाइलचा करा, मुद्दाम केल्यासारखा दिसतो. बाकी सगळीकडे जुना ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटीतलं भरण, काढून इपॉक्सी ग्राउट. तो तेलकट डाग धरत नाही.

बी-५०४ : हे सगळं पटतंय गं. पण किचन लहान वाटतं, म्हणूनच भिंतीचं डोक्यात आलं.

सी-३०१ : १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या आर्किटेक्टने फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी जे किचन आखलं ते जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं होतं, आणि आजच्या फिटेड किचनची सुरुवात तिथून मानतात. तुमचं त्याहून मोठं आहे, मी पाहिलंय. तुमचा एकुलता दिवा छताच्या मध्ये आहे, त्यामुळे ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली कामावर पडते. वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लावा, ४००० केल्विनच्या आसपास, म्हणजे फार पिवळा नाही, फार निळसर नाही असा प्रकाश, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० किंवा वर. आणि ओट्यावरच्या अर्ध्या वस्तू आत्ताच खोक्यात भरा, नाहीतरी शिफ्टिंगला भरायच्याच आहेत. खिडकीची जाळी धुवा. मग सांगा लहान वाटतं का.

ए-६०१ : चिमणीचं विसरलात. आम्ही प्रत्येक घरात चालू करून बघायचो.

ए-१०२ : बरोबर. आवाज जास्त येत असेल तर मोटरला दोष देण्याआधी पाइप बघ. तोंड १५० मिलिमीटरचं असताना पुढे बारीक पाइप जोडलेला असतो, किंवा तीन-चार वळणं दिलेली असतात. सरळ आणि आखूड पाइप केला की तीच चिमणी नव्यासारखी ओढते.
वायरिंगही बघून घे. ओव्हन, गिझर एकाच सर्किटवर असतील तर वेगळे कर, १६ अँपिअरचे सॉकेट सिंकपासून लांब, आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवच. विकायचं म्हणून नाही, जे राहायला येतील त्यांच्यासाठी.

डी-१०३ : एवढं सगळं केलं तर एजंट काय सांगणार गिऱ्हाइकाला? "नवं किचन" तरी म्हणता येईल का?

ए-६०१ : "दुरुस्त केलेलं किचन, बिलांसकट" म्हणा. मी तरी ते वाचून आधी फोन केला असता.

बी-५०४ : ठरलं मग. भिंत नाही, सिंक जागेवरच, ओटा तोच. प्लंबर, मग सिंकखालचा बॉक्स, चॅनल, बिजागऱ्या, ग्राउट, दिवे. शटरचं बॉक्स टोचून झाल्यावर बघते. टाइल्सच्या आतल्या पाइपचे फोटो काढून ठेवीन. सेक्रेटरी साहेब, अर्ज द्यावा लागेल का?

सेक्रेटरी : भिंत किंवा पाइपलाइन हलवत नसाल तर साधं पत्र पुरे. कामगारांची नावं गेटवर द्या. तोडफोडीचा आवाज दुपारच्या वेळेत नको, राडारोडा गोणीत भरून सर्व्हिस लिफ्टने. आणि गॅसच्या पाइपला सुताराने हात लावायचा नाही, हलवायची वेळ आलीच तर गॅस कंपनीचाच माणूस.

बी-४०४ : वहिनी, प्लंबर येईल तेव्हा मला आवाज द्या. आमच्या छताचा तो डाग त्यालाच दाखवून घेतो.

सी-२०२ : जुन्या ट्रॉल्या काढणार असाल तर मला हव्यात.

सी-३०१ : ट्रॉल्या काढत नाहीयेत दादा. चॅनल बदलतायत. वाचा वर.