चांगली विज्ञानकथा शोधावी कशी : आधी विज्ञान तपासावे की कथा?

सदाशिव पेठेतला वाचक (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका वाचनालयात मी विज्ञानकथांचे कपाट कोठे आहे असे विचारले. काउंटरवरील बाईंनी मला आधी बालविभाग दाखवला, तेथे काही मिळाले नाही म्हटल्यावर ‘विज्ञान व तंत्रज्ञान’ अशी पाटी असलेल्या मांडणीकडे पाठवले, आणि अखेरीस डॉ. जयंत नारळीकरांची ‘प्रेषित’ ही कादंबरी मला मधुमेहावरील एका मार्गदर्शक पुस्तकाच्या शेजारी सापडली. तिच्या तारखेच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा होता. दोष बाईंचा नाही. या पुस्तकांचे नेमके काय करायचे हे आपण वाचकांनीच अजून ठरवलेले नाही.

चांगले पुस्तक शोधण्याची माझी रीत अशी आहे. कादंबरीपासून सुरुवात करू नये, कथासंग्रह घ्यावा, कारण विज्ञानकथेचा जीव बहुधा एका कल्पनेत असतो आणि ती कल्पना पंचवीस-तीस पानांत उभी करता येते की नाही, यावरून लेखकाची पत कळते. टेड चँग यांनी आजवर एकही कादंबरी लिहिलेली नाही. त्यांचा सारा लौकिक २००२ आणि २०१९ सालच्या दोन संग्रहांवर उभा आहे. दुसरे म्हणजे, पुरस्कारांच्या याद्या जरूर पाहाव्यात, पण मत कोणाचे आहे हे ओळखून पाहाव्यात. ह्यूगो पुरस्कार जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे वाचक आणि चाहते ठरवतात, नेब्युला लेखकांची संघटना ठरवते, तर ब्रिटनमधील क्लार्क पुरस्काराचा निर्णय परीक्षक मंडळ घेते. ज्याची आवड आपल्या आवडीशी जुळते, त्याची यादी धरावी. तिसरे, आणि यावर वाद होणार हे मला ठाऊक आहे : विज्ञान बरोबर आहे की नाही हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर विचारावा, वाचताना नव्हे.

पाषाणचा निवृत्त अभियंता

पहिले दोन मुद्दे मान्य आहेत, तिसरा मात्र घातक आहे. विज्ञान शेवटी तपासायचे असेल तर त्या लेखनाला परीकथा म्हणावे आणि मोकळे व्हावे. या साहित्यप्रकाराची ताकदच अशी आहे की त्यात निसर्गाचे नियम लेखकाच्या दयेवर नसतात. टॉम गॉडविन यांची १९५४ सालची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा घ्या. दूरच्या ग्रहावर औषध घेऊन निघालेल्या छोट्या यानात इंधन अगदी मोजके, एका वैमानिकापुरते असते, आणि भावाला भेटण्याच्या ओढीने एक मुलगी त्यात लपून बसलेली असते. तिचे वजन धरले तर यान उतरताना कोसळणार आणि औषधाची वाट पाहणारी माणसेही मरणार. तेथे खलनायक कोणीही नाही. गणित आहे, आणि गणिताला पाझर फुटत नाही. अशी कथा सामाजिक कादंबरीत लिहून दाखवा.

पुस्तक हातात घेतल्यावर मी पहिल्या प्रकरणातील एखादा आकडा किंवा यंत्राचे वर्णन तपासतो. तेथे लेखक घसरला, तर पुढे तो अडचणीच्या प्रत्येक जागी घसरणार, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

कोथरूडची वाचनवेडी

काका, उदाहरण आपण दिलेत म्हणून त्याच कथेवर बोलते. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ अशी पाटी आहे. सातवा माणूस आत शिरला तर लिफ्ट कोसळत नाही, नुसती पीं-पीं करत दार उघडे ठेवून उभी राहते. कारण ती बनवणाऱ्याला ठाऊक असते की सातवा माणूस कधी ना कधी शिरणारच. आता ज्या यानात एक मुलगी लपल्याने सारे मरणार, त्या यानाच्या दाराला धड कुलूप नाही, उड्डाणापूर्वी आत डोकावण्याची पद्धत नाही आणि इंधनात थोडाही जादा साठा नाही! आपल्या हाताखालच्या कनिष्ठ अभियंत्याने असा आराखडा आणला असता, तर आपण तो मंजूर केला असता का? त्या मुलीला गणिताने मारलेले नाही. ढिसाळ आराखड्याने मारले आहे, आणि तो आराखडा लेखकाने मुद्दाम तसा ठेवला आहे. गॉडविन तिला वाचवण्याच्या युक्त्या शोधत होते आणि ती छापणाऱ्या मासिकाचे संपादक कॅम्पबेल कथा पुन्हा पुन्हा परत पाठवत होते, हेही नोंदलेले आहे. म्हणजे नियम निसर्गाचा नव्हता, संपादकाचा होता.

तरीही ती कथा मला आवडते, आणि माझा मुद्दा नेमका येथेच आहे. ती मनात राहते ती तिच्यातील शेवटच्या संभाषणामुळे. भौतिकशास्त्र अचूक असूनही वाचून पूर्ण होत नाहीत अशी पुस्तके आपल्या कपाटात किती पडून आहेत ते एकदा मोजून पाहा.

पाषाणचा निवृत्त अभियंता

लिफ्टचा दाखला बिनतोड आहे. मी तो आराखडा मंजूर केला नसता, हे कबूल करतो. मात्र आपल्या लक्षात आले का, की आपण त्या कथेचे वाभाडे विज्ञानाच्याच आधारे काढलेत? म्हणजे वाचताना तपासणी आपणही करताच.

आता आपल्या घरचे उदाहरण देतो. नारळीकर सरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पुण्याचे एक इतिहासकार अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, ती कानाजवळून निघून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. पानिपतात आपण जिंकलो असतो तर काय झाले असते, हा विषय आपल्या गावात कट्ट्याकट्ट्यावर रोज संध्याकाळी निघतो आणि चहा संपला की संपतो. त्या गप्पांची कथा का होत नाही? कारण तेथे नुसती इच्छा असते. सरांनी तिला क्वांटम सिद्धांतातील अनिश्चिततेचा आधार दिला, एकाच क्षणापासून दोन वाटा फुटू शकतात हा विचार त्यामागे उभा केला, आणि मग ते दिवास्वप्न राहिले नाही. ते स्पष्टीकरण काढून टाका, हाती कट्टाच उरेल.

सदाशिव पेठेतला वाचक

अभियंता महोदय, या मुद्द्यावर मला माझे विधान दुरुस्त करावे लागेल. विज्ञान शेवटी तपासावे असे नव्हे, तर विज्ञान कथेत कोणते काम करते आहे ते आधी पाहावे, असे मी म्हणायला हवे होते. पण त्याच कथेत वाचकाचा श्वास कोठे अडकतो, तेही पाहा. माझा अडकतो तो गंगाधरपंतांच्या खिशातून निघालेल्या त्या फाटलेल्या पानापाशी. आपल्या जगातील बखरीत विश्वासरावांना गोळी लागते आणि त्या पानावर ती चुकते. सिद्धांताची चर्चा त्यानंतर येते. पुरावा आधी हातात दिला, म्हणून स्पष्टीकरण ऐकावेसे वाटले.

आपल्याकडच्या कितीतरी विज्ञानकथांत हा क्रम उलटा असतो. पुतण्या विचारतो, ‘काका, पण हे प्रतिद्रव्य म्हणजे काय हो?’, आणि काका पाइप पेटवून अडीच पाने बोलतात. तो पुतण्या मला आजवर एकाही घरात भेटलेला नाही.

कोथरूडची वाचनवेडी

त्या पुतण्यामुळेच माझ्या मुलीने मराठी विज्ञानकथा सोडली आणि ती इंग्रजीकडे वळली, तेव्हा त्याचा एकदाचा बंदोबस्त व्हावा. मात्र ‘मुळातून वाचायचे तर इंग्रजीतच’ ही तिची ऐट मला पटत नाही. स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ ही पोलिश कादंबरी १९६१ सालची; इंग्रजी वाचकांना ती १९७० मध्ये मिळाली, तीही फ्रेंच अनुवादावरून केलेल्या अनुवादातून. लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला ह्यूगो २०१५ साली मिळाला, तेव्हा ती चिनी भाषेत पुस्तकरूपाने येऊन सात वर्षे झाली होती. पुरस्कारांच्या याद्यांवर विसंबणाऱ्यांनी हाही हिशेब मांडावा, की इंग्रजीत न आलेले पुस्तक त्या यादीत सहसा दिसणारच नाही.

नवा सभासद, हडपसर

आपली चर्चा उत्तम आहे, परंतु मला या शनिवारी वाचनालयात जायचे आहे. मराठीत कोणाचे घेऊ?

पाषाणचा निवृत्त अभियंता

लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे आणि सुबोध जावडेकर यांचे जे संग्रह मिळतील ते घ्या, आणि प्रत्येकातील दोनच कथा वाचून पुढचे ठरवा. कादंबरीच हवी असेल तर अरुण साधूंची ‘विप्लवा’ पाहा. वाचनवेडीताईंना चालत असेल तर मी असेही सुचवेन, की लेखकाचे नाव कागदाने झाकून वाचावे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला, तेव्हा परीक्षकांसमोर नारळीकर हे नाव नव्हतेच. ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव होते.

कोथरूडची वाचनवेडी

चालेल, नव्हे, आवडेल. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे मिळतात; त्यात ‘नवल’चे अंक दिसले तर सोडू नका. तेथे विज्ञानकथा आणि भुताची गोष्ट शेजारीशेजारी भेटतात, त्यामुळे निवड आपली आपल्यालाच करावी लागते.

सदाशिव पेठेतला वाचक

काल ‘प्रेषित’ परत करायला गेलो होतो. विज्ञानकथांसाठी निदान एक वेगळा खण करावा, अशी विनंती मी त्या बाईंना केली आणि हवी तर पुस्तके मी निवडून देतो असेही म्हणालो. त्यांनी खण लगेच कबूल केला, ड्रॉवरमधून कोरी पाटी आणि स्केचपेन काढून माझ्या हाती दिले, आणि विचारले, ‘मग नारायण धारप कुठे ठेवू? अर्धे तुमच्याकडे आणि अर्धे भयकथांत?’ पाटी अजून माझ्या टेबलावर कोरीच आहे. पाषाण आणि कोथरूड या दोघांचेही मत मला शनिवारपूर्वी हवे आहे.