मदत हवी आहे: बीबीएच्या मुलांना सिम्प्लेक्स कसं शिकवावं?
नमस्कार मंडळी. सांगलीत बीबीएला ऑपरेशन्स रिसर्च (गणिताच्या आधारे धंद्यातले निर्णय घ्यायचा विषय) शिकवतो. मुलं बहुतेक कॉमर्सची, गणित कधीच सुटलेलं. ट्रान्सपोर्टेशन जमतं, तासगावचा बेदाणा कुठल्या कोल्ड स्टोरेजमधून कुठल्या शहरात धाडायचा म्हटलं, की कमी खर्चाची वाटणी काढायची व्होगेलची पद्धतही पटापट करतात. गाडी अडते सिम्प्लेक्सवर, म्हणजे मर्यादित साधनांत जास्तीत जास्त नफा टप्प्याटप्प्यानं तक्त्यातून काढायच्या रीतीवर. अमेरिकी गणिती जॉर्ज डॅन्झिगची १९४७ ची रीत, आपण अजून तक्ते हातानंच भरून घेतो (परीक्षेत तेच येतं, काय करणार!). उत्तर बरोबर येतं, पण शॅडो प्राइस, म्हणजे यंत्राचा एक तास जादा मिळाला तर नफा कितीनं वाढेल, हे विचारलं की सगळे गप्प. एक्सेलच्या सॉल्व्हरमधला (अशी गणितं सोडवणारी सोय) सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे आकडे बदलले तर उत्तर कसं बदलतं ते सांगणारा तक्ता, आधी दाखवून मग तक्त्याकडे यावं का? कुणी केलंय असं? हळदीच्या धंद्यातलं, दोनच चलांचं, आलेखावर बसणारं उदाहरण असेल तर जरूर पाठवा.